डाव्या पायाचं घराणं

फिजिओबाईंनी त्याला पाठीमागून ढकललं ते अगदी हलकं. रांगेत "सरका की पुढे" म्हणताना मागचा माणूस हात लावतो, तेवढंच. खोली रोजचीच होती. मधोमध टेबल, भिंतीला उभ्या केलेल्या गाद्या, खुंटीला लोंबणाऱ्या रबरी पट्ट्या, मलमाचा वास, आणि फरशीवर चिकटपट्टीनं आखलेली एक पांढरी रेघ. त्या रेघेवर पाय जुळवून डोळे मिटून उभे राहा, एवढंच बाईंनी सांगितलं होतं. कशासाठी ते सांगितलं नव्हतं, आणि गेले पाच महिने डाव्या गुडघ्यापायी त्यानं इतक्या तऱ्हेच्या कसरती केल्या होत्या की त्यानंही विचारायचं सोडून दिलं होतं. तोल गेला, एक पाय पुढे पडला, डोळे उघडले. "परत," बाई म्हणाल्या. परत ढकललं. तिसऱ्यांदा तर बोलता बोलता, तो गुडघ्याच्या पट्टीबद्दल काहीतरी विचारत असताना. मग त्यांनी वहीत दोन ओळी खरडल्या आणि पेनाला टोपण लावत म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही मुळात उजव्या पायाचे. तरीच."

तो हसला. हसण्यासारखंच होतं ते. "तुम्ही क्लबात नव्या आहात," तो म्हणाला, "बाहेर कुणालाही विचारा. माझा उजवा पाय फक्त उभं राहायला आहे." बाईही हसल्या, पण वहीत लिहिलेलं त्यांनी खोडलं नाही. "तोल जातो तेव्हा जो पाय आपण होऊन पुढे येतो, तो बहुधा जन्माचा असतो. तुमचा तिन्ही वेळा उजवा आला. डावा शिकवलेला दिसतो. फार छान शिकवलाय. पण शिकवलेल्या पायाला जास्त राबावं लागतं हो, म्हणून गुडघा कुरकुरतोय. पुष्कळांचं असं असतं, मनाला लावून घेऊ नका." आणि मग, जणू त्या विषयावर आता बोलण्यासारखं काही उरलं नाही अशा आवाजात, "रविवारी एक सामना निघेल. मी नीट बांधून देईन. पण खेळणार की नाही ते संध्याकाळपर्यंत कोचना कळवा, त्यांना यादी लावायचीय."

रविवारचा सामना हंगामातला शेवटचा होता, आणि त्याच्यापुरता कायमचा शेवटचा. चौतिसाव्या वर्षी, सतरा हंगाम एकाच फुटबॉल क्लबातून खेळल्यावर, असं काहीतरी असायचंच. त्यानं मनाची तयारी केली होती. गुडघा धरेल की दगा देईल, एवढाच प्रश्न सकाळी अंथरुणातून उठताना त्याच्यापाशी होता. आता तो पिशवी खांद्याला लावून क्लबाच्या दारात आला, समोर रस्त्यावर उतरणाऱ्या पायऱ्या होत्या, आणि तो पहिल्या पायरीवर उभाच राहिला. कुठला पाय आधी टाकायचा? सतरा वर्षं तो या पायऱ्या उतरत होता, कधी धावत, कधी लंगडत, एकदा तर चषक डोक्यावर घेऊन उलटा उतरला होता, पण कुठला पाय आधी टाकतो ते त्यानं कधी पाहिलं नव्हतं. त्यानं डावा उचलला. तो खोटा वाटला. खाली ठेवून उजवा उचलला, तर तो परक्याचा वाटला. मागून कुणीतरी आलं म्हणून त्यानं घाईनं दोन्हींचं काहीतरी एकदम केलं आणि कठड्याला धरून सावरला. दरवान खुर्चीतून अर्धा उठला. "काय दादा, पाय घसरला?" "नाही," तो म्हणाला, "नुसतं बघत होतो." काय बघत होता ते दरवानानं विचारलं नाही, हे त्याचे उपकार.

त्यांच्या घराला गावात नाव पडलं होतं ते डाव्या पायाचं घराणं. कुण्या वार्ताहरानं बाबांच्या वेळी ते छापलं आणि मग घरातही तेच चालू झालं. आजोबा लोखंड ओतायच्या फाउंड्रीत कामाला होते आणि फाउंड्रीच्या संघात डाव्या कडेनं खेळायचे. बाबा क्लबात चौदा वर्षं, डाव्या कडेनं. आणि तो. खाण तशी माती, असं लोक म्हणायचे आणि कौतुकानं त्याच्या डाव्या पोटरीकडे बघायचे, जणू तिथं काही कोरलेलं आहे. घरात पाचव्या वाढदिवसाला मुलाला बूट मिळायचा, एकच, डावा. उजव्या पायात कापडी सपाता. सपातेतल्या पायानं चेंडू मारला की अंगठा असा काही झणझणायचा की दुसऱ्यांदा मारायची छाती व्हायची नाही. उजवा बूट वर्षानं मिळायचा, तोही नवा जोड घेऊन, कारण तोवर पाय वाढलेला असायचा. ही आजोबांची पद्धत. बाबांना असाच मिळाला, त्याला असाच मिळाला. दोन वेगवेगळे पाय घेऊन तो शाळेत गेला तेव्हा पोरं फिदीफिदी हसली होती, आणि त्याला वाटलं होतं, हसू देत बिचारे, यांच्या घरी काही नाही. आजोबा खुर्ची टाकून बसायचे, डावा पाय उघडा, उजव्यात करडा मोजा. उन्हाळ्यातसुद्धा. पायाला गार लागतं, म्हणायचे. "आपल्या घरात डावा पाय शिकवावा लागत नाही," असंही म्हणायचे. "तो असतोच. नुसता जागा करायचा."

बस भरलेली नव्हती. तो खिडकीशी बसला आणि आपले दोन पाय समोर ठेवून बघत राहिला. एकसारखे बूट, एकसारख्या नाड्या. डावा जागा केला होता, असं धरून चाललो आपण. तर मग हा उजवा कोण? इतकी वर्षं शेजारी राहून ज्याचं नावगाव विचारलं नाही असा शेजारी अचानक म्हणाला असता की घर मुळात माझं आहे, तर जसं वाटेल तसं त्याला वाटत होतं. भीती होती, पण नुसती भीती नव्हती. एकोणीस वर्षांचा असताना क्लबाकडून मारलेला पहिला गोल त्याला आठवला. चेंडू उंचावरून येत होता, कडेनं धावता धावता त्यानं तो टिपला, आणि पायाला काही लागलंच नाही. नीट बसलेला चेंडू पायाला लागत नाही, हे ज्यांनी मारलाय त्यांनाच कळतं. काही वजन नसतं, आवाजसुद्धा उशिरा येतो. जाळी हलली तेव्हा तो अजून तिथंच उभा होता आणि त्याला अगदी स्पष्ट वाटलं होतं की आपण नुसते हजर होतो, मारला दुसऱ्याच कुणीतरी. त्यानं वळून मागेसुद्धा पाहिलं होतं. पुढे पंधरा-सोळा वर्षांत असं सहा-सात वेळा झालं असेल, जास्त नाही. त्या सहा-सात वेळांसाठीच आपण बाकीचं सगळं खेळलो, हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. देवळात लोकांना जे वाटतं म्हणतात, ते त्याला तेव्हा वाटायचं. आणि ते रक्तातून येतं, आजोबांकडून बाबांकडे आणि बाबांकडून आपल्याकडे, हे त्यानं इतकं गृहीत धरलं होतं की आता ते काढून घेतल्यावर त्या गोलांचं काय करायचं ते त्याला कळेना. रक्तात उजवा असेल तर मागे कोण उभं होतं?

उतरताना चालकानं ओळखलं. "रविवारी एक डाव्यानं लागू दे," तो म्हणाला. "मी सुट्टी टाकलीय." दारातल्या दांडीला धरून, आजारी माणसासारखा, तो एकेक पायरी उतरला. हे रविवारी मैदानावर झालं तर? चेंडू आला आणि आपण असेच उभे राहिलो, कुठला पाय, कुठला पाय, करत? वीस हजार माणसांसमोर? गुडघा गेला असता तर निदान सांगता आलं असतं.

आईबाबांचं घर तिसऱ्या मजल्यावर. दार आईनं उघडलं. आई त्याच्या चेहऱ्याकडे न बघता आधी गुडघ्याकडे बघायची; दोन खेळाडूंच्या संसारात राहून तिला ती सवय लागली होती. "चढताना दुखलं?" "नाही." "मग तोंड असं का?" बाबा आत टेबलाशी जुन्या बुटांना चरबी चोळत बसले होते. ते बूट कुणी घालणार नव्हतं, पण दर महिन्याला चोळले जायचे. बाबा बहात्तर वर्षांचे होते, अजून ताठ, अजून हट्टी. त्यांनी त्याला बघून चिंधी खाली ठेवली. "काय म्हणाली ती? खेळायचं ना?"

त्यानं सांगितलं. रेघ, डोळे मिटणं, तीनदा ढकलणं. बाबा ऐकत होते तोवर ठीक होतं. संपल्यावर त्यांनी चिंधी उचलली आणि बुटावर अशी फिरवली की बूट टेबलावरून पडता पडता राहिला. "तिला काय कळतंय. काल आली, आज घराणं शिकवायला लागली. पुस्तकं वाचून पाय कळतात होय? चारशे सामने काय हवेत खेळलास?"

"बाबा, मला आत्ता जिना चढता येत नव्हता."

"गुडघा दुखत असेल."

"गुडघा नाही दुखत. कुठला पाय टाकायचा ते कळत नाहीये." हे म्हणताना आपला आवाज पाच वर्षांच्या पोरासारखा झाला, हे त्याला स्वतःलाच ऐकू आलं. "रविवारी असं झालं तर मी काय करू? मला नुसतं खरं काय ते सांगा."

आई स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभी होती. "बाळाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात," ती म्हणाली, "ह्याचेही दिसले होते. रांगत होता तेव्हापासून उजवा पुढे. मी सांगितलं होतं मामंजींना. ते म्हणाले, सूनबाई, तुम्ही दुधाकडे बघा. मी दुधाकडे बघत बसले." तिच्या बोलण्यात राग नव्हता. ही गोष्ट तीस वर्षं मुरून तिचा नुसता विनोद झाला होता. बाबांनी तिच्याकडे पाहिलं आणि मग उठून ते खिडकीशी गेले, पाठ करून, दोन्ही पाय जुळवून. बघण्यासारखं तिथं काही नव्हतं, समोरच्या इमारतीतली वाळत घातलेली धुणी तेवढी होती.

तो त्यांच्या मागे गेला. बाबांच्या पाठीला त्यानं शेवटचा हात कधी लावला होता ते त्याला आठवेना. लोकरीच्या बनियनखाली खांद्याची हाडं वर आली होती. त्यानं हात ठेवला आणि हलकेच, रांगेतल्या माणसासारखं, ढकललं.

बाबांचा उजवा पाय पुढे पडला.

त्यांनी खाली पाहिलं. मग वळून त्याच्याकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात आश्चर्य नव्हतं. चोरी उघडी पडली की काही माणसांना हलकं वाटतं, तसं काहीतरी होतं. "बस," ते म्हणाले, आणि स्वतःही बसले.

"तुझे आजोबा दवाखान्यात होते तेव्हाची गोष्ट. तू आठ वर्षांचा. नर्स म्हणाली, मोजा काढा, पाय धुवायचाय. ते नको नको म्हणत होते, पण अंगात जोर नव्हता. मी काढला. तोवर मी त्यांचा तो पाय पाहिला नव्हता. चाळीस वर्षं एका घरात राहून पाहिला नव्हता. अंगठा नाही, शेजारचं बोट नाही, वरची कातडी सगळी मेणासारखी. फाउंड्रीत वितळलेलं लोखंड सांडलं होतं पायावर. विसाव्या वर्षी. मी जन्मायच्या आधी." बाबांनी टेबलावरचा बूट जवळ ओढला आणि त्याच्या पुढच्या टोकात बोटं घातली. "बुटात इथं कापूस भरून खेळायचे. त्या पायानं चेंडू मारणं कसं जमायचं? म्हणून डाव्यानं शिकले, सगळं पहिल्यापासून. कुणाला सांगितलं नाही. बोटं गेली कळलं असतं तर संघातून काढलं असतं, म्हणून आधी नाही सांगितलं. मग नाव झालं, आणि मग सांगायची वेळच गेली."

"म्हणजे ते उजवे होते."

"उजवेच. मी विचारलं दवाखान्यात. म्हणाले, चांगला उजवा होता रे माझा."

आई हे पहिल्यांदाच ऐकत होती, ते तिच्या हातातल्या थांबलेल्या फडक्यावरून कळत होतं. तो त्या पायाचा विचार करत होता. सपातेत झणझणणाऱ्या आपल्या अंगठ्याचा, आणि तिथं नसलेल्या त्या अंगठ्याचा. उघड्या डाव्या पायाशेजारी करडा मोजा. गार लागतं. "आणि तुम्ही?" त्यानं विचारलं. "तुम्हाला तर काही झालं नव्हतं. तुम्ही डाव्यानं का मारायला लागलात? एका बुटामुळे?"

"बूट पाचव्या वर्षी मिळाला. मी त्याच्या आधीपासून मारत होतो." बाबा हसले, जरासे लाजून. "बापाला बघत होतो ना. तो दुसऱ्या पायानं कधी मारायचाच नाही. मला वाटलं, चेंडू असाच मारतात."

त्याच्या अंगावर सर्रकन काटा आला. मघाची ती भीती नव्हे. हे वेगळं होतं, त्या एकोणिसाव्या वर्षीच्या गोलासारखं, वजन नसलेलं. रक्तात काहीच नव्हतं. एका माणसाचा पाय जळला, त्यानं विसाव्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून दुसरा पाय उभा केला, आणि एक पोर कठड्याशी बसून ते बघत राहिलं. मग त्या पोराच्या पोरानं बघितलं. वीस हजार माणसं ज्याच्यासाठी उठून उभी राहायची ते इतक्याशा बघण्यातून आलं होतं. कुणी वरून दिलं नव्हतं, पोटरीत कोरलं नव्हतं. आणि तरी, म्हणजे त्यामुळेच, ते त्याला आता कितीतरी मोठं वाटायला लागलं, छातीत मावेना इतकं. वळून पाहिलं होतं तेव्हा मागे कोण होतं ते त्याला कळलं. मोज्यातला एक पाय घेऊन तो माणूस खुर्ची टाकून बसला होता.

"मला का नाही सांगितलंत?" त्यानं विचारलं. राग शोधायला गेला, पण सापडला नाही.

"त्याच आठवड्यात तू शाळेच्या सामन्यात कॉर्नरवरून सरळ गोल मारला होतास. डाव्यानं. घरभर नाचत होतास. कुठल्या तोंडानं सांगायचं?" बाबा उठले, पलंगाखालून एक खोका ओढला आणि टेबलावर ठेवला. आत कागदात गुंडाळलेले दोन बूट होते, दोन्ही उजवे. एक जुन्या घडणीचा, चामडं काळवंडलेलं. एक त्याच्या वेळचा. तळवे कोरे, नाड्या न ओवलेल्या. दुकानदार काही एकच बूट विकत नसतो, हे त्याच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. "हे तुझ्या आजोबांनी ठेवले होते. टाकवले नाहीत त्यांना. मलाही नाही." त्यानं आपला हातात घेतला. तळहातावर मावला. आत अजून कागदाचा बोळा होता, दुकानातला.

बाबा त्याच्याकडे बघत होते. मग त्यांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी वाळलेल्या कपड्यांच्या ढिगातून दोन मोजे उचलले, एकात एक घालून घट्ट बोळा केला आणि दोन खोल्यांमधल्या अरुंद वाटेत जाऊन जमिनीवर ठेवला. "तिकडे उभा राहा," ते म्हणाले. आई म्हणाली, "अहो, दिवा आहे वर." बाबांनी ऐकलं नाही. चौदा वर्षं क्लबातून खेळलेला तो माणूस चेंडूसमोर उभा राहिला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यानं उजव्यानं मारायचं ठरवलं. पाय कुठं ठेवायचा ते त्यांना कळत नव्हतं. हात विनाकारण वर गेले. जीभ दाताखाली आली. बहात्तर वर्षांच्या त्या चेहऱ्यावर पाच वर्षांचं पोर अगदी स्वच्छ दिसलं, बूट मिळायच्या आदल्या दिवशीचं. त्यांनी मारला. बोळा धड उडाला नाही, भिंतीला घासत, भलतीकडे वळत, धडपडत आला.

तो त्यांच्याकडेच बघत होता. त्यांना हसू फुटलं होतं, डोळे भरले होते, आणि दोन्ही गोष्टी लपवायला त्यांना सवड मिळाली नव्हती. भिंतीला लागून वळलेला बोळा त्याच्यापाशी पोचला कधी, थांबला कधी, ते त्याला कळलं नाही. पायाला काही लागलं नाही. त्यानं पाहिलं तेव्हा बोळा परत गेला होता, सरळ, जमिनीलगत, आणि बाबांच्या उजव्या पायाच्या पुढ्यात अलगद थांबला होता. आपला डावा पाय अजून जरासा वर होता. त्यानं तो खाली ठेवला.

"पुन्हा," बाबा म्हणाले.

"आधी कोचना फोन करतो, यादीत घ्या म्हणून," तो म्हणाला, आणि फोन शोधायला बाहेरच्या खोलीत गेला. मधला उंबरा त्यानं ओलांडला, पण कुठल्या पायानं, ते कुणी पाहिलं नाही.